घराच्या उष्णतेची खातेवही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. घर बांधताना होणारा खर्च, मनस्ताप आणि फजिती यांचा साऱ्या पिढ्यांचा अनुभव त्या तीन शब्दांत सामावलेला आहे. परंतु घराचा खर्च वास्तुशांतीच्या दिवशी संपत नाही. घर पन्नास-साठ वर्षे उभे राहते आणि तितकी वर्षे ते ऊर्जा मागत राहते. थंड प्रदेशात त्याला ऊब हवी असते, उष्ण प्रदेशात गारवा हवा असतो. विटा, सिमेंट, लोखंड यांचा खर्च अंदाजपत्रकात ओळीने मांडलेला असतो. हा दुसरा, आयुष्यभराचा खर्च मात्र बहुधा कोठेच लिहिलेला नसतो. तो दर महिन्याच्या वीजबिलातून हप्त्याहप्त्याने वसूल होतो आणि तो कोणाच्या चुकीमुळे वाढला, हे कोणालाच विचारता येत नाही.

हा दुसरा खर्च पाया खणण्यापूर्वी मोजता येतो काय? येतो. तो कसा मोजतात, त्यासाठी ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, संक्षेपाने बीआयएम, या संगणकीय पद्धतीचा उपयोग कसा होतो आणि तीच पद्धत कोठे फसवू शकते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याचा गाभा हिशेबाचा आहे. ज्याला जमा आणि नावे या दोन बाजू कळतात, त्याला तो समजण्यास अडचण येऊ नये.

डार्मस्टाटची चार घरे

मे १९८८ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे प्राध्यापक बो आदाम्सन आणि जर्मनीचे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्यात एक संवाद झाला. घरालाच इतके जपून पांघरूण घातले की त्याला नेहमीची अवजड तापनयंत्रणा जवळजवळ लागूच नये, असे करता येईल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या विचारातून ‘पॅसिव्ह हाऊस’ ही कल्पना आकारास आली. १९९०-९१ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट शहराच्या क्रानिखस्टाइन भागात एका ओळीत चार घरे बांधून ती पडताळण्यात आली. प्रत्येक घराचे क्षेत्रफळ सुमारे १५६ चौरस मीटर होते.

या घरांत कोणतीही जादू नव्हती. भिंत साडेसतरा सेंटिमीटर जाडीच्या चुना-वाळूच्या विटांची होती आणि तिच्यावर बाहेरून साडेसत्तावीस सेंटिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीन फोमचा थर होता. छपरात सुमारे ४५ सेंटिमीटर खनिज लोकर भरलेली होती. खिडक्यांना तिहेरी काचा होत्या. घरात शिरणारी ताजी हवा आणि बाहेर पडणारी शिळी हवा एका यंत्रातून एकमेकींच्या शेजारून, परंतु न मिसळता, नेली जात असे. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या हवेची सुमारे ८० टक्के उष्णता आत येणाऱ्या हवेला मिळे. प्रत्यक्ष मोजणीत या घरांना तापवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १० युनिटांच्या आसपास उष्णता पुरली. दहा युनिटे म्हणजे जवळपास एक लिटर इंधन तेल होय. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात एका चौरस मीटरला वर्षभरात एक लिटर तेल, हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे.

१९९६ मध्ये फाइस्ट यांनी डार्मस्टाटमध्ये पॅसिव्ह हाऊस इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९९८ मध्ये या संस्थेने घराची ऊर्जा मोजण्याचे एक तक्तेवजा साधन प्रसिद्ध केले. तापनासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांहून अधिक उष्णता लागू नये, हा पॅसिव्ह हाऊसचा प्रमुख निकष ठरला.

उष्णतेचा ताळेबंद

या साधनाच्या मुळाशी असलेले गणित ताळेबंदासारखेच आहे. खर्चाच्या बाजूस भिंत, छप्पर, जमीन, खिडक्या आणि बाहेर जाणारी हवा यांतून निसटणारी उष्णता येते. जमेच्या बाजूस खिडक्यांतून येणारे ऊन, घरातील माणसांच्या शरीराची ऊब आणि दिवे, चूल, उपकरणे यांची उष्णता येते. दोन बाजूंत जी तूट राहते, ती यंत्राने भरून काढावी लागते. ही तूट जितकी कमी, तितके घर काटकसरी.

प्रत्येक भिंतीला एक आकडा असतो. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, हे तो सांगतो. त्याला ‘यू मूल्य’ म्हणतात. गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू मूल्य सुमारे २ असते. क्रानिखस्टाइनच्या भिंतीचे ते सुमारे ०.१४ होते. समजा, बाहेरच्या भिंती १०० चौरस मीटर आहेत आणि आत-बाहेरचा फरक २० अंशांचा आहे. साध्या भिंतीतून ४,००० वॅट उष्णता जाईल, म्हणजे एका दिवसात ९६ युनिटे. दुसऱ्या भिंतीतून २८० वॅट जाईल, म्हणजे दिवसाला सात युनिटांहूनही कमी. आकडे फक्त तीन आहेत: यू मूल्य, क्षेत्रफळ आणि तापमानातील फरक. गुणाकार शाळकरी मुलगाही करील.

मग अडचण कोठे येते? अडचण गुणाकारात नाही, मोजमापात आहे. एका साध्या घरालाही शेकडो पृष्ठभाग असतात. प्रत्येक भिंत कोणत्या दिशेला आहे, तिच्यातून खिडक्यांचे क्षेत्रफळ किती वजा करावयाचे, खिडकीत काच किती आणि चौकट किती, वरच्या छज्जाची सावली कोठवर येते, हे सर्व नकाशावरून पट्टी लावून काढावे लागत असे. त्यात दिवसच्या दिवस जात. एवढे करून घरमालकाने सांगितले की, दिवाणखान्याची खिडकी जरा मोठी करा, की सारी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. परिणामी हिशेब एकदाच आणि तोही अगदी शेवटी होत असे. तोपर्यंत घराचा आकार, त्याचे तोंड आणि खिडक्यांच्या जागा पक्क्या झालेल्या असत. ज्या निर्णयांना पैसा लागत नाही, त्यांची वेळ टळून गेलेली असे.

एकदा नोंद, सर्वत्र खतावणी

या ठिकाणी बीआयएमचा उपयोग होतो. साध्या संगणकीय नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. त्या रेषा भिंतीच्या आहेत की पदपथाच्या, हे संगणकाला ठाऊक नसते. बीआयएममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदवली जाते. तिची लांबी, उंची, थर, प्रत्येक थराचा पदार्थ, तिच्यातील खिडकी, तिच्या अलीकडची व पलीकडची खोली, ही सर्व माहिती तिच्याबरोबर राहते. नकाशा, छेदचित्र, खिडक्यांची यादी, विटांचे प्रमाण हे सारे त्याच एका नोंदीतून निघते.

व्यापारी मंडळींना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पूर्वी रोजकीर्द लिहावी लागे, मग खतावणी, मग तेरीज. एका ठिकाणी आकडा दुरुस्त केला आणि दुसरीकडे राहिला, की रात्र जागून फरक शोधावा लागे. पुढे टॅलीसारख्या प्रणाली आल्या. व्हाउचर एकदा भरले की खाते, तेरीज आणि ताळेबंद सारे आपोआप बदलू लागले. वास्तुरचनेत बीआयएमने हेच केले. खिडकी एकदा रुंद केली की भिंतीचे क्षेत्रफळ कमी होते, काचेचे वाढते आणि दोन्ही आकडे ऊर्जेच्या हिशेबापर्यंत पोहोचू शकतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे असे एकत्रित वर्णन संगणकात साठवण्याची मांडणी केली होती. १९८० च्या दशकात हंगेरीत आर्किकॅड ही प्रणाली जन्मास आली. २००० मध्ये रेव्हिट बाजारात आली आणि २००२ मध्ये ती ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतली. एका प्रणालीतील माहिती दुसरीला वाचता यावी म्हणून आयएफसी ही सामायिक मांडणी तयार झाली. २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. केवळ ऊर्जेच्या हिशेबासाठी जीबीएक्सएमएल ही वेगळी मांडणीही प्रचारात आली. ‘एनर्जीप्लस’ ही अमेरिकी ऊर्जा खात्याने विकसित करवून घेतलेली प्रणाली वर्षातील प्रत्येक तासाचा उष्णतेचा हिशेब करते. पॅसिव्ह हाऊस इन्स्टिट्यूटनेही त्रिमितीय रचनेतील क्षेत्रफळे थेट आपल्या तक्त्यात आणण्याची साधने पुढे तयार केली.

याचा खरा लाभ वेग हा नसून वेळ हा आहे. हिशेब सुरुवातीलाच करता येतो. एक साधे उदाहरण घेऊ. एका कुटुंबाला १४४ चौरस मीटरचे घर हवे आहे. ते एकमजली बांधले, बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, तर भिंती १४४, छप्पर १४४ आणि जमीन १४४, असे मिळून ४३२ चौरस मीटरचे बाह्य आवरण होते. तेच घर नऊ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि दुमजली बांधले, तर भिंती २०४, छप्पर ७२ आणि जमीन ७२, एकूण ३४८ चौरस मीटर होतात. राहण्याची जागा तितकीच, परंतु उष्णता गमावणारे आवरण ८४ चौरस मीटरने कमी. यासाठी कोणतेही महागडे साहित्य घ्यावे लागत नाही. मात्र हे पहिल्या आठवड्यात कळले तरच उपयोग. पाया भरल्यावर कळले तर तो केवळ पश्चात्ताप. एकाच कापडातून दोन शिंपी वेगवेगळे बेततात. कापड वाया जाते ते बेतताना, शिवताना नव्हे.

जिथे हिशेब चुकतो

तथापि, टॅली घेतली म्हणून हिशेब खरा होत नाही, तसेच प्रतिमान केले म्हणून घर काटकसरी होत नाही. चुका ठरावीक ठिकाणी होतात आणि त्या गंभीर असतात.

पहिली चूक दिशेची. रेखाटन सोपे जावे म्हणून वास्तुरचनाकार घर पडद्यावर सरळ मांडतो आणि पडद्याच्या वरच्या बाजूला सोयीची उत्तर मानतो. खरी उत्तर वेगळी नोंदवावी लागते. ती नोंद राहिली, तर संगणक ऊन चुकीच्या भिंतीवर पाडतो. जर्मनीत दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात कमाई करते. तीच खिडकी प्रत्यक्षात पश्चिमेला असेल, तर जमेच्या बाजूचा तो आकडा खोटा ठरतो. तक्ता मात्र तितकाच नीटनेटका दिसतो.

दुसरी चूक भागाकाराची. समजा, घराला वर्षाकाठी १,८०० युनिटे लागतात. क्षेत्रफळ १२० चौरस मीटर धरले तर उत्तर १५ येते आणि घर उत्तीर्ण होते. १०० धरले तर उत्तर १८ येते आणि ते अनुत्तीर्ण होते. म्हणून कोणते क्षेत्रफळ धरावे, याचे काटेकोर नियम आहेत. पॅसिव्ह हाऊसच्या पद्धतीत उतरत्या छपराखालील एक ते दोन मीटर उंचीची जागा अर्धीच धरतात आणि एका मीटरखालील जागा मुळीच धरत नाहीत. प्रतिमान खोलीचे जे क्षेत्रफळ आपोआप देते, ते या नियमाचे असेलच असे नाही. शिवाय या पद्धतीत भिंतीची मापे बाहेरून घेतात, तर खोलीची मापे आतून असतात. बिल्टअप आणि कार्पेट यांतील फरकाने ज्यांनी एकदा ठेच खाल्ली आहे, त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

तिसरी चूक फटींची. चित्रात भिंत छपराला टेकलेली दिसते, परंतु प्रतिमानात ती दोन-चार मिलिमीटर अलीकडे थांबलेली असते. डोळ्यांना फरक कळत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र खोली बंदच झालेली नसते. मग ती खोली हिशेबातून गळते, किंवा आतली भिंत बाहेरची समजली जाते.

चौथी चूक आयत्या आकड्यांची. प्रणालीच्या संग्रहात ‘वीट’ या नावापुढे एक आकडा आधीच भरलेला असतो. तो कोणत्या देशाच्या, कोणत्या घनतेच्या विटेचा आहे, हे कोणी पाहत नाही. भट्टीची वीट आणि हलका एएसी ठोकळा यांच्या उष्णतावहनात कित्येक पटींचा फरक असतो. ठाणावरील चिठ्ठी वाचून कापडाची पारख होत नाही.

पाचवी बाब अशी की, काही गोष्टी प्रतिमानात सहसा दिसतच नाहीत. सज्जाचा काँक्रीटचा स्लॅब भिंतीतून आरपार बाहेर गेला, तर उबदार पांघरुणाला तेथे भोक पडते. त्याला उष्णतासेतू म्हणतात आणि त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. घराची हवाबंदीही चित्रावरून कळत नाही. ती बांधकामाच्या वेळी दारात पंखा बसवून, ठरावीक दाब निर्माण करून मोजावी लागते. ५० पास्कल दाबाला घरातील हवा तासाला ०.६ पटीहून अधिक बदलू नये, असा पॅसिव्ह हाऊसचा दंडक आहे.

आणि सर्वांत मोठी फसवणूक यानंतर होते. ठरलेल्या खिडकीऐवजी कंत्राटदार बाजारात मिळाली ती खिडकी बसवतो. रचनाकाराला ते कोणी कळवत नाही. प्रतिमानात जुनीच खिडकी राहते. अहवाल खराच असतो, परंतु तो न बांधलेल्या घराचा असतो. साठा एक आणि वही दुसरी, असे झाले की दुकानाचे काय होते, हे सर्वांना माहीत आहे. म्हणूनच प्रमाणपत्र देताना केवळ संगणकाचे उत्तर पुरत नाही. जे बांधले त्याची कागदपत्रे, छायाचित्रे आणि हवाबंदीची चाचणी मागितली जाते.

आपल्या उन्हाचा हिशेब

भारतात प्रश्न उलटा आहे. येथील बहुतेक प्रदेशांत ऊब धरून ठेवावयाची नसून ऊन बाहेर ठेवावयाचे असते. जर्मनीची जाड भिंत जशीच्या तशी मुंबईत आणणे शहाणपणाचे नाही. हिशेबाची रीत मात्र येथेही तीच आहे.

केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. तिच्यात भिंतींतून येणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन या तिघांची बेरीज करून तिला बाह्य आवरणाच्या क्षेत्रफळाने भागले जाते. थंड प्रदेश वगळता हा आकडा दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा त्या वेळी घातली गेली. छपराच्या यू मूल्याची मर्यादा १.२ ठेवण्यात आली. हवा खेळती राहावी म्हणून उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही हवामानानुसार ठरवून दिले गेले. दमट प्रदेशात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक षष्ठांश आहे.

या हिशेबासाठी प्रत्येक दिशेची भिंत आणि काच वेगवेगळी मोजावी लागते आणि छज्जाची खोली विचारात घ्यावी लागते. नेमकी हीच माहिती चांगल्या प्रतिमानात तयार असते. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा अर्धा मीटर ठेवावा की पाऊण मीटर, काच रंगीत घ्यावी की खिडकीच लहान करावी, याचे उत्तर वातानुकूलन यंत्र विकत घेण्यापूर्वी मिळू शकते. जुन्या वाड्यांतील पडव्या, चौक आणि जाड भिंती यांनी हे उत्तर अनुभवाने शोधले होते. आज प्रत्येक भूखंड वेगळा, शेजारची इमारत वेगळी आणि साहित्य नवे आहे. केवळ अनुभव पुरेसा नाही; मोजणीची जोड हवी.

शेवटी माणूस

१९९८ ते २००१ या काळात युरोपातील पाच देशांत ‘सेफेउस’ या प्रकल्पाखाली २२१ निवासस्थाने पॅसिव्ह हाऊसच्या निकषांनुसार बांधून तपासण्यात आली. त्यांत जर्मनीतील हॅनोव्हर-क्रोन्सबर्ग येथील ३२ ओळघरे होती. घरे सारख्याच रचनेची असूनही प्रत्येक कुटुंबाचा वापर वेगळा निघाला. कोणाला खोली अधिक उबदार हवी होती, कोणी खिडक्या उघड्या ठेवी. परंतु सर्व घरांची सरासरी गणिताच्या अगदी जवळ आली. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रामाणिकपणे केलेला हिशेब खरा ठरतो. आणि कोणताही हिशेब कुटुंबाच्या सवयींची हमी देत नाही.

म्हणून ज्यांना नवे घर बांधावयाचे आहे, किंवा ज्या संस्थेला इमारतीचे नूतनीकरण करावयाचे आहे, त्यांनी रचनाकाराला चार प्रश्न अवश्य विचारावेत. उष्णतेचा हिशेब नकाशा मंजूर होण्यापूर्वी झाला की नंतर? भिंत, छप्पर आणि काच यांचे आकडे उत्पादकाच्या चाचणीतून घेतले की संग्रहातून आयते उचलले? खरी उत्तर नोंदवली आहे काय? आणि बांधताना काही बदलले, तर हिशेब पुन्हा कोण करणार? या प्रश्नांना वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. गिऱ्हाईक कापड घेताना पन्हा, पोत आणि रंगाचा पक्केपणा विचारते, तितकीच चौकशी येथे पुरेशी आहे. ज्याच्याकडे उत्तरे असतील, तो आनंदाने देईल.

वीज मीटरवर एका युनिटाला जे दाम पडते, त्याखेरीज त्यामागे खाणीतील कोळसा, नदीचे पाणी आणि कोणाच्या तरी गावावरचा धूर असतो. तो भार बिलात छापला जात नाही. जे युनिट लागलेच नाही, त्याचा भार कोणावरच पडत नाही. घर उभे राहण्याआधी कागदावर घालवलेले चार दिवस पुढील पन्नास वर्षांचा हा भार हलका करू शकतात. हिशेबाची सवय ज्यांच्या हाडीमाशी भिनलेली आहे, अशा समाजाला हे काम अवघड नाही. आजवर दुकानाची वही चोख ठेवली. यापुढे घराचीही ठेवावी, एवढीच विनंती.